विचारू नकोस!

हिंजवडीतल्या बहुतेक कंपन्यांत हा एखादा तरी सापडतोच. बाकी सगळे व्हीएस कोडवर सुखात असतात, हा ईमॅक्सवर. आणि आपण ईमॅक्सवर आहोत हे चारचौघांना कळल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

त्याचं दुखणं एकच. यंत्र त्याला विचारतं. फाइल सेव्ह करू का? ही सिम्लिंक गिटमधल्या फाइलकडे जाते, तिकडे जाऊ का? सगळे बदल एकदम स्टेज करू का? त्यातल्या काही प्रश्नांना नुसतं 'वाय' दाबून भागत नाही, 'यस' असं अख्खं टाइप करून वर एंटर मारावा लागतो. 2022 साली ईमॅक्स 28 मध्ये यासाठी एका ओळीचं सेटिंग आलं, तेव्हा त्याने टीमला समोसे खिलवले. तेच काम करणारी जुनी ओळ त्याच्याकडे आधीपासून होती म्हणा. पण हिला सरकारी मान्यता!

रविवारी तो मॅगिट घेऊन बसतो. ईमॅक्समधून गिट चालवणारं हे प्रकरण. त्यात 'मॅगिट-नो-कन्फर्म' नावाची यादी असते. कृतीचं नाव तिच्यात घातलं की त्या कृतीबद्दलचा प्रश्न बंद. यादी वाढत असते. बायको आतून "पोहे टाकू का?" विचारून थकते आणि न विचारताच पोहे आणून ठेवते. हा खाता खाता म्हणतो, "उत्तम डिफॉल्ट."

चेष्टा सोडा, मुद्द्यात तो चूक नाही. ज्या प्रश्नाला माणूस रोज 'हो'च म्हणतो तो प्रश्न वाचतो कोण? डोळ्याआधी बोट पोचलेलं असतं.

एका नव्या मुलाने गुरूच्या वर ताण केली. एकेक नाव कोण लिहीत बसणार, म्हणून त्याने यादीच्या जागी नुसतं 'टी' टाकलं आणि सगळेच प्रश्न बंद केले. आमचा हा पांढराफटक पडला. "डिस्कार्डचाही? अरे, जे कधी गिटमध्ये गेलंच नाही ते गिट परत कुठून देणार? रीफ्लॉग म्हणजे काय कामधेनू आहे? आधी विप मोड चालू कर, अर्धवट कामाच्या नोंदी राहू देत, मग यादीत 'सेफ-विथ-विप' घाल. आणि पुश झालेला कमिट बदलताना विचारलंच पाहिजे! त्यावर चौघांचा संसार उभा असतो."

मुलाने मुकाट्याने 'टी' काढला आणि आपला कोड रिव्ह्यूला पाठवला. संध्याकाळपर्यंत याचे शेरे आले. हे फंक्शन इथेच का? या व्हेरिएबलला हेच नाव का? टेस्ट कुठे आहे? कमिट मेसेजच्या पहिल्या ओळीला पूर्णविराम कशाला? आणि खाली तळटीप: उत्तरं सविस्तर द्यावीत, नुसतं 'हो' चालणार नाही.