वरून की खालून?

आमच्या सोसायटीतले अण्णा मेट्रोत पहिल्यांदा बसले ते 2022 च्या मार्चमध्ये. मेट्रोवर बोलत मात्र ते त्याआधी किमान बारा वर्षं होते. दिल्ली मेट्रोच्या मंडळींनी पुण्याचा आराखडा करून दिला, तेव्हापासून आमच्या जिन्यात एकच प्रश्न घुमत असे: वरून की खालून? नवखा माणूस जिना चढता चढता दचकायचा. त्याला वाटायचं, अण्णा पाण्याच्या लाइनीबद्दल विचारतायत.

खांबांवरून नेली तर शहराचं रूप जाईल, भुयारातून नेली तर पैसे जातील. तिसरा पक्ष म्हणायचा, आधी बस सुधारा. अण्णा तिन्ही पक्षांत होते, वारानुसार. जंगली महाराज रस्त्यावरून न्यायची म्हटलं की रस्ता आडवा यायचा. मग 2015 च्या सुमारास डेक्कन ते महापालिका हा तुकडा नदीकडेने न्यायचं ठरलं, तर जेमतेम पावणेदोन किलोमीटरच्या त्या तुकड्यासाठी प्रकरण हरित लवादात गेलं. दुसऱ्या एखाद्या गावाने एवढ्या वेळात मेट्रो बांधून तिला रंगाचा दुसरा हातही दिला असता. पण मला यात काही वाईट दिसत नाही. आपल्याकडे मुलगी बघायला गेलं तरी पोह्यांवर तासभर जातो. इथे तर 11,420 कोटींचा प्रश्न होता.

शेवटी 24 डिसेंबर 2016 ला भूमिपूजन झालं आणि पौड रोडवर निळे पत्रे उभे राहिले. त्या पत्र्यांमागे काय चाललंय हे बघायला फटी शोधणारी जी माणसं होती, त्यांत मीही होतो. कोथरूडचा जुना कचरा डेपो होता, त्या जागी मेट्रोच्या गाड्या ठेवायची सोय झाली आणि तिचं नाव पडलं ‘हिल व्ह्यू पार्क’. ज्या जागेवरून जाताना आम्ही वर्षानुवर्षं नाकाला रुमाल लावला, तिथून टेकडी दिसते हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. रुमाल डोळ्यांपर्यंत जायचा, हे एक कारण असेल.

नावांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वनाझ हे नाव एका कारखान्यावरून पडलं. नळ स्टॉपला नळ शोधू नये. भोसरी नावाचं स्टेशन प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर होतं. भोसरी आली म्हणून उतरणाऱ्याला खरी भोसरी गाठायला पुन्हा रिक्षा करावी लागे, म्हणून ते नाव बदललं. बुधवार पेठ नावाचं स्टेशन कसबा पेठेत निघालं. बाहेरच्याला वाटेल, चार गल्ल्यांचा फरक, त्यात काय एवढं. त्याने हे वाक्य कसब्यात उभं राहून म्हणून बघावं. तेही नाव बदललं.

डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्टेशनांच्या छपरांना पगडीचा आकार दिलाय. पुणेरी पगडी नव्हे, मावळ्याची. त्यामुळे एक मोठा वाद टळला, असं अण्णांचं मत. मला वाटतं टळला नाही, फक्त स्टेशनातून बाहेर पडून कॅफे गुडलकमध्ये जाऊन बसला.

पण सगळ्यांत लोभस भांडण झालं ते लकडी पुलावर. हा पूल लाकडाचा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, कागदोपत्री त्याला संभाजी महाराजांचं नाव आहे, तरी पानिपतानंतरच्या काळातलं ते लाकूड आमच्या जिभेवरून काही हलत नाही. मेट्रो या पुलावरून आडवी जाते. 2021 मध्ये गर्डर चढवायची वेळ आली आणि गणेश मंडळांनी विचारलं, विसर्जनाच्या मिरवणुकीतले आमचे उंच रथ याखालून जाणार कसे? काम काही काळ थांबलं. इंजिनिअर लोकांनी माती तपासली असेल, नदीच्या पुराची रेषा पाहिली असेल, वाऱ्याचा जोर मोजला असेल. वर्षातून एका रात्री तिथून कोण जातं, हे कुठल्या नकाशात लिहिलेलं नव्हतं. ‘वरून की खालून’ हा प्रश्न आता गणपतीला पडला होता. गर्डर पुढे चढले आणि मिरवणूकही निघते. रथावरच्या देखाव्यांना मान तुकवणं नवं नाही, रस्त्यावरच्या विजेच्या तारांनी ते त्यांना कधीच शिकवलं होतं.

खालच्या बाजूला वेगळीच गंमत. बोगदे खणणाऱ्या अजस्र यंत्रांना मुठा, मुळा, पवना अशी नावं दिली होती. वरच्या नद्यांचं जे झालंय ते बघता, निदान खालच्या तरी जोमाने पुढे सरकत होत्या. शिवाजीनगर ते स्वारगेट हा सगळा टापू म्हणजे जुनं पुणं. वर वाडे, देवळं, दुकानं, आणि वाड्यांमध्ये ‘आमच्या भिंतीला चीर गेलीय, ती मेट्रोची की आमचीच’ अशी चौकशी. स्वारगेटला खणताना पाण्याचा जुना भुयारी मार्ग सापडला. मंडईला जमिनीतून मोठी हाडं निघाली, ती हत्तीची असावीत असं बातम्यांत आलं. मला त्या हत्तीने फार दिवस सोडलं नाही. मंडईची दगडी इमारत 1886 ची. म्हणजे एवढी वर्षं लोक वर मेथीच्या जुडीवर घासाघीस करत होते आणि खाली हा निवांत पहुडलेला. अण्णा म्हणाले, “पेशव्यांचा असणार.” पुण्यात काहीही सापडलं तरी ते आधी पेशव्यांचं असतं, मग तपासाअंती कुणाचंही असो.

या भुयारी मार्गाचा स्वारगेटपर्यंतचा शेवटचा तुकडा उघडायचा दिवस ठरला 26 सप्टेंबर 2024. त्या दिवशी एवढा पाऊस लागला की समारंभच रद्द झाला. जमिनीखालच्या रेल्वेचं उद्घाटन पावसामुळे पुढे ढकलावं लागलं! तीन दिवसांनी, 29 तारखेला, ते दूरदृश्य प्रणालीवरून उरकलं आणि गाडी स्वारगेटपर्यंत धावली.

गेल्या आठवड्यात अण्णा आणि मी मंडईला गेलो. वनाझला बसलो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली. हे स्टेशन 33 मीटर खोल आहे. आमच्या चार मजली इमारती एकावर एक ठेवल्या तर दोन मावतील आणि वर गच्चीवरच्या टाक्याही. अण्णा सरकत्या जिन्याचा कठडा धरून उतरत राहिले आणि मध्यावर कुठेतरी म्हणाले, “मी खालूनच म्हणत होतो.” मी काही बोललो नाही. ते वरूनही म्हणत होते, पण 33 मीटर खाली जाताना माणसाला दुखवू नये.

मंडईत अण्णांनी भलामोठा सुरण घेतला. परतताना स्टेशनात पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली, पडद्यावर बघणारा मुलगा जरा पुढे झुकला आणि पट्टा थांबवला.

“काका, हे काय आहे?”

“सुरण,” अण्णा म्हणाले. “तुम्ही हत्ती खणून काढलात, मी हा.”

मुलाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. “काय भाव दिला?”

अण्णांनी सांगितला. तो म्हणाला, महाग घेतलात, आमच्या गावी याच्या निम्म्याला मिळतो. अण्णांनी पिशवी पट्ट्यावरून उचलून खाली ठेवली आणि गाव कुठलं ते विचारलं. खाली एक गाडी येऊन गेल्याचा आवाज आला. चारपाच मिनिटांनी आणखी एक.