हॅवलॉकमार्गे जव्हार

आमच्या घरात सहल पुस्तकातून सुरू होते आणि बहुतेक वेळा पुस्तकातच संपते. लडाख आम्ही असं दोनदा करून आलोय. या खेपेला अंदमान ठरलं, कारण सासूबाईंनी सत्तरी गाठली होती आणि सेल्युलर जेल पाहिल्याखेरीज आपण डोळे मिटणार नाही, असं त्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं होतं. त्यांची तब्येत पाहता आमच्या हाताशी वीसेक वर्षं सहज होती. पण बायको म्हणाली, लवकरची तारीख धरा.

पुस्तक आणायचं काम माझ्याकडे आलं. मेव्हण्यांना पुस्तक हा प्रकारच मंजूर नव्हता. त्यांच्या मते आता सगळं फोनमध्ये असतं. सगळं असतं, हीच तर अडचण! फोन एका बेटावरच्या चारशे जागा दाखवतो आणि चारशेच्या चारशे 'अवश्य पाहा' म्हणतो. पुस्तकाची पानं मोजकी, त्यामुळे त्याला कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. म्हणून मार्गदर्शक पुस्तक निवडताना मी आधी त्यातल्या शिव्या शोधतो. ज्याने निदान एका जागेबद्दल 'इथं फिरकू नका' असं लिहिलंय, तो तिथे स्वतः फसून आलेला असतो. ज्याला सगळंच आवडलं, तो बहुधा घरीच बसला होता.

फाउंटनच्या फुटपाथवर दीडशे रुपयांत एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. शिव्या भरपूर होत्या. शिवाय आधीच्या मालकाने समासात मराठीत पेन्सिलीने टिपणं केली होती. बोटींच्या वेळापत्रकाशेजारी, 'सकाळी ६ ची. सुटली नाही.' त्याखाली, 'दुपारी २ ची. सुटली. आम्ही राहिलो.' आणि हॅवलॉकच्या पानावर, समुद्रकिनाऱ्याच्या सुंदर फोटोखाली, एवढंच: 'ही बोलत नाही.' मी पुस्तक घेतलं ते या तीन नोंदींसाठी.

घरी येऊन पाहतो तर पुस्तक फारच जुनं. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ साली पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. त्यातून ते परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेलं. 'डाव्या हाताने जेवू नये' हे वाचून सासूबाईंचा अपमान झाला. 'नळाचं पाणी पिऊ नये' यावर त्या म्हणाल्या, "मग काय विहिरीवर जायचं?"

पुढे मेव्हण्यांनी पाच जणांचं विमानभाडं काढलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. कुणी काही बोललं नाही. तासाभराने बायको म्हणाली, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी येतेय, जव्हारला जाऊ. पुस्तकाचे दीडशे रुपये मात्र गेलेच होते. "घ्या ते बरोबर," सासूबाई म्हणाल्या, "उष्ण कटिबंध तोच आहे." त्या तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या. चूक काढायला जागा नव्हती. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, जव्हार विसाच्या आसपास.

मुलुंडहून भिवंडी, वाडा, विक्रमगड असं निघालो. वाड्याच्या पुढे रस्त्याकडेला बायका करटोली घेऊन बसल्या होत्या. पुस्तकात खरेदीचं प्रकरण होतंच: सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने सुरुवात करा, हसत राहा, निघून जायचं नाटक करा. मेव्हण्यांनी काच खाली केली, हसले, वाट्याचा भाव विचारला आणि निम्मा सांगितला.

"मग निम्मीच घ्या," बाई म्हणाल्या आणि वाट्यातली निम्मी करटोली काढून घेतली. निघून जायचं नाटक करायला मेव्हण्यांना तोंड राहिलं नाही. बायकोने उतरून पूर्ण भावात दोन वाटे घेतले.

जव्हारला एसटी स्टँडजवळ एक मराठी पुस्तिका मिळाली. आता आमच्याकडे दोन पुस्तकं झाली: एक भलत्याच जागेचं आणि एक अगदी त्याच जागेचं. त्याच जागेच्या पुस्तिकेत जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. म्हणजे वारली दोन्ही पुस्तकं होती, फक्त साल वेगळं. पुस्तिकेच्या चोवीस पानांत 'निसर्गरम्य' हा शब्द चिरंजिवांनी एकतीस वेळा मोजला. जव्हार 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' होतं. महाबळेश्वराच्या जेमतेम एक तृतीयांश उंचीवर असलेल्या, स्वतःचं धड नाव असलेल्या गावाला दुसऱ्याचं नाव कशाला लावायचं? महाबळेश्वरला कुणी 'साताऱ्याचं जव्हार' म्हणतं का?

इतिहासाच्या पानावर मात्र पुस्तिकेने बाजी मारली. जव्हारच्या महादेव कोळी राजघराण्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याने म्हणे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी सारा मुलूख वेढला. पुढे १३४३ मध्ये त्याच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. ते राज्य थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, सहाशे वर्षं चाललं.

"ही गोष्ट कार्थेजच्या डायडो राणीचीही सांगतात," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे आपल्यावरून चोरली," मेव्हणे.

"दादा, कार्थेज दोन हजार वर्षं आधीचं आहे," बायको.

"म्हणजे आधीच चोरून ठेवली."

मला राहून राहून आमच्या बिल्डरची आठवण येत होती. त्याने हाच प्रयोग उलटा केला होता. दाखवताना मुलूख दाखवला आणि किल्ली दिली ती कातड्याची.

शिरपामाळावर पाऊस आडवा येत होता. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम झाला. जव्हारच्या राजाने स्वागत करून त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, अशी इथली आठवण. महाराजांजवळ मार्गदर्शक पुस्तक नव्हतं, बहिर्जी नाईक होते. त्यांना जुनी आवृत्ती नसे. जयविलास राजवाडा गुलाबी दगडाचा आहे असं पुस्तिका म्हणते. आम्हाला तो धुक्यामुळे पांढरा दिसला, म्हणजे दिसला नाही. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होते. त्या दिवशी त्यांनाही स्वतःचा वाडा वरून सापडला नसता. सनसेट पॉइंटवर गर्दी होती आणि सगळे अत्यंत शिस्तीत धुक्याकडे तोंड करून उभे होते. सासूबाईंनी मक्याची कणसं भाजणाऱ्या माणसाला विचारलं, "भाऊ, सूर्य कुठल्या बाजूला?"

"दिवाळीनंतर या, आजी," तो म्हणाला.

रात्री खानावळीत अंदमानचं पुस्तक म्हणालं, ताजं समुद्री खाद्य जरूर चाखा. मालकांनी जराही न हसता सुक्या बोंबलाचं कालवण आणि नागलीची भाकरी पुढे ठेवली. मेव्हणे तीन भाकऱ्या जेवले. पुस्तकाचा हा एक सल्ला फळाला आला.

दुसऱ्या दिवशी दाभोसा. लेंडी नदीचा हा धबधबा तीनेकशे फुटांवरून कोसळतो. पावसाळ्यात तो आधी ऐकू येतो, मग अंगावर येतो आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, दिसतो. आम्ही ऐकला, भिजलो आणि परत फिरलो. शहाणपणा करून मेव्हण्यांनी फोनमधली जवळची वाट धरली. ती एका ओढ्यापाशी संपली. फरशी पुलावरून तांबडं पाणी चाललं होतं. गाडी वळवून मागे आलो तर नुकतीच ओलांडलेली मागची फरशीही गेलेली. मधल्या पट्ट्यात सात-आठ घरं, एक बैलजोडी आणि आमची गाडी.

"चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"कळलं, आई," मी म्हणालो.

मग बायकोने पुस्तक काढलं. जव्हारचं नव्हे, अंदमानचं. जव्हारच्या पुस्तिकेला हा सगळा परिसर निसर्गरम्य होता, त्यात अडकण्याची सोय नव्हती. अंदमानवाल्याने मात्र 'बोट रद्द झाल्यास' म्हणून अख्खं प्रकरण लिहिलं होतं. घाबरू नका. पाणी कधी उतरतं ते विचारा. तिथलीच माणसं निघाल्याशिवाय निघू नका. बोटवाल्याशी हुज्जत घालू नका. शेजारी पेन्सिलीने, 'पत्त्यांचा जोड बरोबर ठेवावा.' आम्ही ठेवला नव्हता.

पहिल्याच घराच्या पडवीत एक आजी इरलं भिंतीला टेकवून बसल्या होत्या. कुणी, कुठले, कशाला आलात असलं काही न विचारता त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि कोरा चहा ठेवला. पुस्तकाप्रमाणे वागायचं म्हणून मेव्हण्यांनी विचारलं, "आजी, पाणी किती वाजता उतरेल?"

"तो काळा दगड दिसला की जा," आजी ओढ्याकडे बोट करून म्हणाल्या.

"कुठला दगड? मला तर दिसत नाही."

"म्हणून तर बसा."

आत खुंटीला तारपा टांगलेला होता. वाळक्या दुध्याचा फुगीर घट, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वारली चित्रांमधून चहाच्या कपापासून बेडशीटपर्यंत सगळीकडे पाहिलेला तारपा प्रत्यक्षात चांगलाच मोठा असतो. मेव्हण्यांचा फोन बाहेर आला. "आजोबा, वाजवा ना जरा, व्हिडिओ काढतो." तेवढ्यात बायकोने पुस्तकातून मोठ्याने वाचलं, की अंदमानात तिथल्या आदिवासींचे फोटो काढणं हा गुन्हा असून त्याला तुरुंगवास होऊ शकतो. हे अंदमान नव्हतं, तो कायदा इथला नव्हता. तरी मेव्हण्यांचा फोन आपोआप खाली आला. विमानभाड्यानंतर प्रथमच.

"आता नाही वाजवायचा," आजोबा म्हणाले, "नवं भात आलं की." मग थोडं थांबून म्हणाले, "फोटो काढायचाय तर काढा की. पण मुलाला पाठवा. तो बोईसरला कंपनीत आहे. त्याला सांगा, छप्पर गळत नाही." मेव्हण्यांनी आजोबांचा, आजींचा, बैलांचा आणि चिरंजिवांच्या सूचनेवरून छपराचाही फोटो काढून पाठवायला टाकला. रेंज नव्हती. तो संध्याकाळी जव्हारला पोचल्यावर गेला आणि उत्तर आलं: 'मागची बाजू दाखवा.'

सव्वादोन तासांनी, कोलंबसाच्या डोलकाठीवरचा खलाशी 'जमीन!' म्हणून ओरडला असेल तसे चिरंजीव ओरडले, "दगड!" पण निघालं कुणीच नाही. आजींनी स्वतः उठून पाहिलं, "अजून थोडा" म्हणून पुन्हा बसल्या, आणि पुस्तकाच्या आज्ञेप्रमाणे आम्हीही बसलो.

परतताना मोखाडा, खोडाळा, कसारा असा रस्ता धरला. विहीगावचा धबधबा २००१ च्या 'अशोका' चित्रपटानंतर 'अशोका धबधबा' या नावाने ओळखला जातो. बारशाला शाहरुख खान असला की जुन्या नावाचं काय होतं, ते हॅवलॉकला विचारावं. पण आम्ही आधी मोखाड्यात चहाला थांबलो होतो, तिथलं सांगायचं राहिलं.

अंदमानच्या पुस्तकात एक चांगली ओळ होती: बेटावर उतरल्यावर पहिल्यांदा विचारा, इथे गोडं पाणी कुठून येतं. सासूबाईंनी चहावाल्यांना विचारलं. बाहेर पाऊस धो धो पडत होता. त्यांनी बोट वर केलं, "वरून."

"आणि एप्रिल-मेमध्ये?"

"टँकरने."

"एवढा पाऊस पडून?"

"तुम्ही कुठले?"

"मुंबईचे."

"मग तुम्हाला ठाऊक पाहिजे," ते म्हणाले आणि चहा गाळायला लागले. कोचाळ्याचं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. २०१४ पासून रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी तिथून मुंबईसाठी निघतं. मी हे पेपरात वाचलं होतं. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरणाऱ्या बायकांचे फोटोही त्याच पेपरात पाहिले होते. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर असतात. जव्हारच्या पुस्तिकेत धरण होतं, 'निसर्गरम्य' म्हणून. पाण्याचं विचारा असं सांगितलं ते सव्वादोन हजार किलोमीटर लांबच्या बेटाच्या पुस्तकाने.

सासूबाईंनी माझ्याकडून पेन्सिल घेतली, 'नळाचं पाणी पिऊ नये' ती ओळ शोधली आणि शेजारी सुवाच्य शिक्षकी अक्षरात लिहिलं: 'कुणाचं आहे ते आधी विचारावं.' मग पुस्तक गाडीत फिरत राहिलं. घाट उतरेपर्यंत पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

अंदमान अजून झालेलं नाही. पुस्तक मात्र परवा फाउंटनला त्याच फुटपाथवर देऊन आलो. विक्रेत्याने चाळलं, म्हणाला, "सगळं लिहून ठेवलंय तुम्ही. वीस रुपये." ते पुढे कुणी तरी अंदमानला घेऊन जाईल. त्याला नीलच्या पानावर करटोलीचा भाव मिळेल, राधानगर किनाऱ्याच्या सूर्यास्ताखाली 'दिवाळीनंतर या', आणि बोटींच्या वेळापत्रकाशेजारी चिरंजिवांनी काढलेला एक काळा दगड, पाण्याच्या रेषेच्या वर. हॅवलॉकच्या फोटोखाली 'ही बोलत नाही' ही जुनी नोंद आहे तशीच आहे. तिच्याखाली बायकोचं अक्षर आहे, ते मी विकताना प्रथम पाहिलं: 'तुम्ही बोललात का?'