काजव्यांचा पंचनामा

मे अखेरीस भंडारदऱ्याला काजवे चमकू लागले की अकोले तालुक्यात ट्रायपॉडचं पीक येतं. अंधार, दगडधोंडे, वळवाची सर; एखादा कॅमेरा आपटतोच. मग विम्याची आठवण होते. नुकसान अचानक आणि अनपेक्षित हवं, असं पॉलिसी म्हणते. सांदण दरीच्या निसरड्या खडकावर लेन्स मिरवत उतरणाऱ्याचं पडणं अनपेक्षित कसं, हा सर्वेअरचा प्रश्न तसा वाजवीच! वर घसारा वजा. पावसाने लेन्सला हळूहळू बुरशी चढली, तर तो अपघातच नव्हे. बिलाची प्रत? कॅमेरा रोखीत, बिनबिलाचा, दोन पैसे वाचवून घेतलेला. दाद मागायला विमा लोकपाल आहेत, पुण्यात. पुरावा म्हणून मोबाइलवरचे फोटो न्या. काजवेही त्यातच बरे आलेत.