कुस्तीआधीची कुस्ती

गोल्डन नेस्ट चौकात जंगी कुस्त्यांचा फलक चढला की, ज्याच्या कानांची फुले झाली आहेत तो मल्ल खालच्या कोपऱ्यात तिकिटाएवढा, आणि ज्यांनी हयातीत लंगोट कसला नाही असे निमंत्रक व स्वागतोत्सुक वर ऐसपैस, हे दृश्य भाईंदरकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, लढत नक्की कोणाची, असा सवाल कोणी करीत नाही. 1968 साली मुंबईत दारासिंगाने अमेरिकन मल्ल लू थेझला हरविले. तेव्हा जाहिरातीत निदान लढणारेच असावेत. 2023 च्या नोव्हेंबरात तर धाराशिव आणि फुलगाव अशा दोन आखाड्यांतून दोन महाराष्ट्र केसरी निपजले. हे आखाडे भरविणाऱ्या दोन संघटनांची कुस्ती, अर्थातच, बरोबरीत सुटली.

काल खाडीच्या वाऱ्याने चौकातल्या फलकाचा कोपरा फाटला. गेला तो मल्लच.