थकीत आभार

नोकरीची बहुतेक वर्षं मी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात काढली. त्यामुळे समारंभाच्या शेवटी आभारप्रदर्शनाला उठलेला माणूस 'त्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही, त्यांच्या ऋणात राहणंच पसंत करीन' असं म्हणाला की सगळं सभागृह टाळ्या वाजवतं आणि माझा हात नोटिशीचा कागद शोधायला लागतो. हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय. द्राक्षबागाईतदारांकडून ऐकलंय, ट्रकमालकांकडून ऐकलंय, एका माजी नगरसेवकाकडून तर आमचाच चहा पिता पिता ऐकलंय. ऋणात राहायला सगळ्यांनाच आवडतं. ९० दिवस हप्ता आला नाही की कर्ज एनपीए धरायचं, असा नियम आहे. तो आभारांना लावला तर मराठी समाजाची समस्त खाती बुडीत निघतील, आणि त्यात पहिलं माझं असेल.

हे मला कळलं ते मुलीनं बंगळूरहून पाठवलेल्या वहीमुळे. जाड पुठ्ठा, आत रेशमी फीत, वर सोनेरी अक्षरांत 'ग्रॅटिट्यूड जर्नल'. रोज रात्री झोपण्यापूर्वी, ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते अशा तीन गोष्टी लिहायच्या. "बाबा, यामागे सायन्स आहे," असं जावई फोनवर म्हणाले. जावयांच्या बहुतेक गोष्टींमागे सायन्स असतं. पण बँकेत कागद तपासल्याशिवाय सही न करण्याची सवय लागलेली, म्हणून मी सायन्सही तपासलं.

निघालं खरं. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा, असं दहा आठवडे, पहिल्यानं कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं वैताग आणणाऱ्या, तिसऱ्यानं नुसत्याच घडलेल्या. पहिल्या गटातल्या कुणी मित्रांच्या दिलदारपणाबद्दल लिहिलं, कुणी सकाळी जाग आल्याबद्दल, तर एकानं रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे आभार मानले. हा गट पुढे जास्त समाधानी निघाला, शिवाय व्यायामही जास्त करू लागला. पण माझा जीव जडला तो दुसऱ्या गटावर. पार्किंगला जागा नाही, स्वयंपाकघरात पसारा आणि आवरायला कुणी नाही, पैसे भराभर संपतायत! कॅलिफोर्नियातल्या पोरांनी आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप शब्दशः उतरवला होता. त्यात एकाची तक्रार अशी, की मित्राचं काम करून दिलं आणि त्यानं जाण ठेवली नाही. म्हणजे कृतज्ञतेच्या प्रयोगात याला कृतघ्नतेचा त्रास. या मुलाला मी आमच्या खात्यात तोंडी परीक्षा न घेता घेतला असता.

आणखी शोधल्यावर सोन्या ल्युबोमिर्स्की या बाईंचं काम सापडलं. त्यांना असं आढळलं, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा होतो, तीनदा लिहिणाऱ्यांना होत नाही. हे मी जावयांना तत्परतेनं कळवलं आणि रविवार मुक्रर केला. आळसाला शास्त्राधार मिळाला की माणसाला किती प्रसन्न वाटतं, यावरही कुणीतरी अभ्यास करायला हवा.

तर मी लिहू लागलो. चहा वेळेवर मिळाला. शर्टाला इस्त्री झाली. बीपीच्या गोळ्या संपण्यापूर्वीच नवी पाकिटं आली. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली, त्याचे आभार. लिफ्ट बंद असल्यामुळे पाच मजल्यांचा व्यायाम घडला, त्याबद्दल सेक्रेटरींचे आभार. अक्षर माझं चांगलं आहे. पानं भरत गेली तसा मी स्वतःवर खूश होत गेलो.

वही मी लपवली नव्हती. लपवली असती तरी उपयोग नव्हता, कारण आमच्या घरात वस्तू कुठे लपवायच्या हेही हिलाच विचारावं लागतं. एका दुपारी ही चष्मा लावून ती वाचत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अहो, चहा मिळाला म्हणजे? कुठे पडला होता?"

मी म्हटलं, "ही लिहायची पद्धत आहे."

"इस्त्री झाली. आपोआप? गोळ्या आल्या. चालत?" तिनं पान उलटलं. "भाजीवाल्याचं नाव दोनदा आहे. त्या सेक्रेटरीचं आहे. माझं कुठल्या पानावर आहे तेवढं सांगा, म्हणजे तिथपासून वाचते."

घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात, हा बचाव मी करून पाहिला. वसुलीला आलेल्या माणसासमोर हा बचाव टिकत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी वही घेऊन पुन्हा वाचली आणि बँकेतला माणूस म्हणून मला घाम फुटला. पैसे जमा झालेत, पण कुणी भरले याचा पत्ता नाही, अशी रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. तिथे नोंदी तुंबल्या की तपासनीस पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. माझा अख्खा संसार सस्पेन्सला पडला होता. नावानिशी नोंदी होत्या त्या फक्त बाहेरच्यांच्या.

हिची स्वतःची वही म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं तेव्हा पंचांग घरोघर पोचावं हा हेतू असेल, पण त्या चौकोनांत आमच्याकडे तिथीखाली लिहिलं जातं ते असं: दूध नाही. बाई खाडा. गॅस लावला. दूध ज्या दिवशी आलं त्या दिवशी काहीच लिहीत नाहीत. चौकोन कोरा म्हणजे सगळं यथास्थित. मी हिला म्हटलंही, की तुझं कॅलेंडर हे खरं दुसऱ्या गटाचं काम आहे. ती म्हणाली, "त्यावरून मी महिन्याच्या शेवटी दुधाचे पैसे कापते. तुमच्या वहीवरून काय कापता?"

मग मी मोठ्यांचा आधार शोधला. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या टिपणांचा पहिला भाग म्हणजे निव्वळ आभारप्रदर्शन आहे. पण व्हाउचर कसं चोख! आजोबांकडून काय घेतलं, आईकडून काय, कुठल्या गुरूकडून काय, सगळं नावानिशी. रस्टिकस नावाच्या गुरूनं स्वतःजवळची एपिक्टेटसची प्रत वाचायला दिली, याचीही नोंद आहे. परत केल्याची नाही, पण पुस्तकांच्या बाबतीत सम्राटही माणूसच. शेवटी तो अशी आज्ञाधारक, प्रेमळ आणि साधी बायको दिल्याबद्दल देवांचे आभार मानतो. हे मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हे कुठे बसून लिहिलं त्यानं?"

"मोहिमेवर. डॅन्यूबच्या पलीकडे."

"मग बरोबर. घरापासून लांब असलेल्या नवऱ्याला बायको आज्ञाधारकच वाटते," असं म्हणून ती कुकर लावायला गेली.

कुकर तिनं लावला, अशी नोंद मी त्या रविवारी केली. पूर्ण नावानं.

माझ्या वहीची बातमी सोसायटीत फिरली आणि १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला आभार मानायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एरवी आभार सुरू झाले की लोक वड्यांच्या दिशेनं सरकतात. मी ठरवलं, की मोघम काही म्हणायचं नाही. पहाटे साडेचारला उठून पाण्याची मोटर लावणारे आमचे वॉचमनमामा. टाकी भरून वाहू न देणारे तेच. रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पडल्या तेव्हा दार उघडून रिक्षा आणणारेही तेच. सगळं तारखेसकट सांगितलं. कुणी जागचं हललं नाही. अर्थात प्रत्येकजण आपलं नाव कधी येतं याची वाट पाहत होता, आणि ज्यांची आली नाहीत ते अजून माझ्याकडे पाहत नाहीत.

संध्याकाळी मामा दारात आले. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं.

"साहेब, सकाळी जे बोललात ते सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून द्याल का? पलीकडच्या टॉवरमध्ये जागा निघालीय. तीन हजार जास्त देतायत."

मी दिलं लिहून. आयुष्यभर नोटिसा लिहिल्यानंतर असं पत्र लिहायला मिळालं म्हणून जरा हात सैल सोडला. पत्र इतकं उत्तम उतरलं, की पहिल्या तारखेला मामा तिकडे रुजूही झाले. नव्या वॉचमनला पहाटे जाग येत नाही. सेक्रेटरींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. कालनिर्णयवर हिनं लिहिलंय, 'पाणी नाही', आणि त्यापुढे कंसात माझं नाव. आडनावासकट.