सहा की आठ?

आमच्या इमारतीत त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणतात. नवा भाडेकरू हमखास फसतो. मागे एकानं "शिर्डीला येता का?" म्हणून विचारलं, तर काकांनी त्याला तासभर बसवून लिनक्सचं कर्नेल समजावलं. बिचारा शेवटी एसटीनं गेला.

काकांना वस्तू टाकवत नाही, नवी घेववत तर त्याहून नाही. "प्रश्न पाचशे रुपयांचा नाही," असं ते म्हणाले की समजावं, पाचशे रुपये वाचणार आणि पंधरवडा जाणार.

मध्यंतरी भंगारातून एक नेटवर्क कार्ड आलं. अशा कार्डावर आठ पायांची एक चिमुकली चिप असते. तिच्यात कार्डाची कुंडली असते: त्याचा सहा बाइटांचा पत्ता आणि बारीकसारीक सेटिंग. काकांच्या जुन्या कार्डावर ९३सी४६ होती, ६४ खणांची, दर खणात १६ बिट. नव्यावर निघाली ९३सी५६, १२८ खणांची. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम; काकांच्या ड्रायव्हरला मात्र लहान चिपच ठाऊक.

"जागा वाढली, चांगलंच की," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अहो, खणाचा नंबर सांगायला लहान चिपला सहा बिट पुरतात. ही आठ ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही. ड्रायव्हर सहा सांगून गप्प. मग तारेवर जी दोन शून्यं दिसतात, तीच ही नंबराला जोडून घेते. मागायचा सातवा खण, उघडतो अठ्ठाविसावा!" लाइटबिलाच्या पाठीवर त्यांनी बायनरीतल्या सातापुढे दोन शून्यं काढून दाखवली. बिल भरायची तारीख कालच उलटली होती.

अकराव्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरमधल्या ६ चा ८ केला. अकरा दिवसांत एक आकडा! पेढे वाटले. संध्याकाळी जुनं कार्ड लावलं, तर ते बंद. लहान चिप सहा बिट ऐकताच बोलायला लागायची आणि ड्रायव्हर अजून नंबरच सांगत असायचा.

पेढे खाऊन झालेले असल्यामुळे आम्ही गप्प राहिलो.

मग काकांना चिपचा हुंकार सापडला. नंबर पुरता ऐकला की ही चिप उत्तराआधी एक शून्य सोडते; गोष्ट ऐकणारं पोर 'हं' म्हणतं तसं. तेव्हा एकेक बिट सांगत जायचं, आणि 'हं' आलं की थांबायचं. सहावर आलं तर लहान, आठावर आलं तर मोठी. इंटेलच्या कार्डांसाठी लिनक्समध्ये जो ई१०० ड्रायव्हर आहे, तोही याच खुणेवरून नंबराची लांबी ओळखतो. हे कळल्यावर काका दोन दिवस खट्टू होते. आपल्याआधी कुणालातरी सुचलं, एवढंच दुःख.

काल दोन्ही कार्डं चालली. काका मला कोड दाखवत होते, तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, "अहो, चहा!" काका ढिम्म. दुसरी हाक, तिसरी, चौथी. मी अस्वस्थ होऊन उठायला लागलो, तर काकू शांतपणे म्हणाल्या, "बसा हो. एरवी सहा लागतात. कार्ड उघडं असलं की आठ."

आठव्या हाकेला काका म्हणाले, "हं."