भिंतीवर ती, घामाघूम मी

क्रिकेट बघताना माणूस पोहे खाऊ शकतो, पेपर चाळू शकतो, पाचव्या दिवशी तर डुलकीही काढू शकतो. भिंत चढण्याच्या स्पर्धेत यातलं काहीच जमत नाही.

2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मी आधी स्पीड बघायला बसलो. 15 मीटरची भिंत, शेजारी शेजारी दोघं. पुरुषांची फायनल आपल्याकडच्या ऐन चहाच्या वेळी. मी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, मान वर केली, तर इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो सुवर्णपदक जिंकून दोराला लटकत होता. 4.75 सेकंद! आमच्या सोसायटीची लिफ्ट तेवढ्या वेळात दार मिटावं की नाही याचा नुसता विचार करते.

म्हटलं, जरा सावकाश प्रकार बघू. बायकांच्या बोल्डर-लीड फायनलला सासूबाईही येऊन बसल्या. नियम समजावायचं काम अर्थातच जावयाचं. आदल्याच दिवशी पुरुषांची फायनल बघून मी तज्ज्ञ झालो होतो. बोल्डर म्हणजे दोराशिवाय चढायच्या बुटक्या भिंती, लीड म्हणजे दोर बांधून चढायची उंच भिंत, आणि शेवटी दोन्हींच्या गुणांची बेरीज. बोल्डरचा शेंडा दोन्ही हातांनी धरला की 25 गुण, मधल्या टप्प्यांना 5 आणि 10, आणि फसलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे 0.1 वजा.

"एवढंसं कशाला कापतात? चिंधीपणा नुसता," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात जपानची आइ मोरी आली. उंची 154 सेंटीमीटर. पहिल्याच बोल्डरचा सुरुवातीचा होल्ड, म्हणजे धरायची खुंटी, तिच्या हाताला येईना. उडी मारायची, खाली यायची, पुन्हा उडी. सासूबाई कळवळल्या. "अहो, एवढं ऑलिम्पिक भरवलंय, त्या पोरीला एक स्टूल देता येत नाही?"

यावर माझ्याकडे नियम नव्हता. पुढे जगभरच्या जाणकारांनी त्या होल्डवरून वाद घातला, पण स्टुलाइतका नेमका उपाय काही माझ्या कानावर आला नाही.

लीडला मोरीने सगळा राग भिंतीवर काढला. सहा मिनिटांची मुदत, डोक्यावर झुकत आलेली भिंत, आणि ही आपली वर, अजून वर. तिने हात लांबवला की माझा खांदा उचलला जाई. ती कमरेच्या पिशवीतली पांढरी पूड बोटांना लावी, मी तळवे लुंगीला पुसत असे. मग तिने टाच पार हाताच्या उंचीला नेऊन होल्डवर अडकवली. माझीही टाच सोफ्याच्या हातावर कधी गेली, देवाला ठाऊक. पोटरीत असा गोळा आला की मी ओरडलो. सासूबाईंना वाटलं, मोरी पडली.

ती 96.1 गुण घेऊनच खाली आली. सुवर्ण जिंकणाऱ्या यान्या गार्नब्रेटलाही लीडमध्ये एवढे मिळाले नाहीत. तरी एकूण बेरजेत मोरी चौथी. सासूबाईंना हा निकाल अजिबात मंजूर नव्हता आणि त्याचा जाब त्या मलाच विचारत होत्या.

मी उठायला गेलो, कोसळलो. पुन्हा उठलो, पुन्हा कोसळलो. तिसऱ्या खेपेला टीपॉय धरून कसाबसा उभा राहिलो.

"पॉइंट दोन गेले, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.